अकोटची भाकर, पुण्याचं ताट

‘आता घरात सगळं नैसर्गिकच खायचं’ असं आपण सगळेच ठरवतो. पण ते धान्य पेरतं कोण, आणि त्याची भाकर थापतं कोण? सातपुड्याच्या पायथ्याशी चार दिवस राहून, खाऊन आणि विचारून आणलेली ही उत्तरं...

‘ऑरगॅनिक’ हा शब्द आमच्या घरात आला तो किराणाच्या बिलाबरोबर. सोसायटीच्या कोपऱ्यावर एक चकाचक दुकान उघडलं. लाकडी रॅक, कापडी पिशव्या, मंद संगीत. ज्वारीच्या पिठाचं किलोचं पाकीट शंभराच्या वर, घाणीचं तेल त्याच्या कितीतरी वर. सात वर्षांच्या लेकीसाठी डॉक्टर म्हणाले होते, ‘बिस्किटं कमी करा, घरचं साधं खाऊ घाला.’ नवरोबाच्या ऑफिसातल्या हेल्थ चेकअपमध्ये कोलेस्टेरॉल वर गेलेलं. माझं वजन... ते जाऊ द्या! तर आम्ही पाकिटं आणायला लागलो.

तीन महिन्यांनी सासूबाई राहायला आल्या. चष्मा लावून त्यांनी पाकीट उलटंसुलटं करून वाचलं. ‘पॅक्ड इन पुणे’ एवढंच होतं. ज्वारी कुठल्या शिवारातली, त्याचा पत्ताच नाही. ‘आमच्या अकोटला ही पोत्यानं असायची गं,’ त्या म्हणाल्या. अकोट हे त्यांचं माहेर. मामा-मामी अजून तिथेच असतात, शेती करतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ऑफिसला सुट्टी होतीच. महाबळेश्वरला ट्रॅफिकमध्ये बसण्यापेक्षा हे बरं, म्हणून निघालो.

खारं पाणी, काळी माती

पुण्याहून रात्रीच्या गाडीनं सकाळी अकोला. तिथून अकोट साधारण ४५ किलोमीटर. पूर्वी इथून खंडव्यापर्यंत मीटरगेज गाडी जायची, मेळघाटच्या जंगलातून. सासूबाईंच्या लहानपणीच्या निम्म्या गोष्टी त्या गाडीतल्या आहेत. २०१७ मध्ये ती बंद झाली आणि २०२२ च्या नोव्हेंबरपासून अकोला ते अकोट ब्रॉडगेजवर गाडी धावू लागली. पुढचा जंगलातला रस्ता वाघांचा, त्यामुळे त्यावरून वाद झाले. आम्हाला अकोटपर्यंतच जायचं होतं.

खिडकीतून दिसते ती पूर्णा नदीच्या खोऱ्यातली काळीभोर, सपाट जमीन. झाड कमी, आभाळ जास्त. हा ‘खारपाणपट्टा’. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतली ८९४ गावं यात मोडतात. जमिनीखालचं पाणी खारं. विहीर खणली तर ते पाणी पिता येत नाही, पिकाला दिलं तर जमीनच बिघडते. त्यामुळे इथली शेती पावसावर, आणि पावसाळा संपल्यावर काळ्या मातीत मुरलेल्या ओलीवर. हरभरा बघा, हिवाळ्यात नुसत्या त्या ओलीवर वाढतो. आपण ज्याला मोठ्या कौतुकानं ‘लो वॉटर क्रॉप’ म्हणतो, ते इथं पणजोबांपासून चालू आहे. कारण दुसरा इलाजच नाही!

जसजसं अकोट जवळ येतं, तसतशी उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ ठळक होत जाते. अकोट तालुका म्हणजे दोन जगं आहेत. दक्षिणेला खारपाण आणि कोरडवाहू कपाशी-तूर. उत्तरेला डोंगराच्या पायथ्याशी गोडं पाणी, संत्री, केळी आणि पानमळे. मधोमध शहर. कापसाचं मार्केट, जिनिंग, नरसिंग महाराजांचं मंदिर आणि रस्त्यावर ट्रॅक्टर, ऑटो, म्हशी सगळे एकाच लेनमध्ये.

पहिलं जेवण

मामींनी दारातच विचारलं, ‘आंघोळ मंग करा, आधी जेवून घ्या.’ सकाळचे साडेदहा वाजले होते!

ताटात होती ज्वारीची भाकर. (इथं ‘भाकरी’ म्हटलं की तुम्ही पश्चिमेकडचे हे लगेच कळतं.) सोबत सोल्यांची भाजी. सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे. डिसेंबर-जानेवारीत शेंगा भरल्या की ते सोलायचे, थोडे भाजून भरडायचे आणि लसूण-मिरचीवर पातळ भाजी करायची. मग भरीत. वांगी गॅसवर नाही, वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड. कापूस वेचून झाला की उरलेली काडी चुलीत जाते. भरतावर कांद्याची पात आणि कच्चं तेल. बाजूला जवसाची चटणी, आणि हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळाणा. म्हणजे कच्चा पाला, कांदा, तिखट, मीठ आणि थोडं तेल. आपण ज्याला सॅलड म्हणतो आणि दोनशे रुपये देतो, तेच.

मी मनातल्या मनात न्यूट्रिशनचा हिशेब मांडला. ज्वारीत ग्लुटेन नाही, फायबर भरपूर. जवसात ओमेगा-३. तुरीत प्रोटीन, पाल्यात लोह. एकही पाकीट न फोडता! लेकीनं भरताला नाक मुरडलं, पण सोल्यांच्या भाजीत भाकर कुस्करून तीन वाट्या खाल्ल्या. मामी म्हणाल्या, ‘तिले तिखट कमी टाकून देल्लं होतं म्या येगळं.’

संध्याकाळी मात्र एक गोष्ट लक्षात आली. रात्रीच्या जेवणाला गव्हाच्या पोळ्या होत्या. फोडणीला पिशवीतलं रिफाइंड तेल. आणि डब्यात तीच बिस्किटं, जी डॉक्टरांनी बंद करायला सांगितली होती. सकाळचं जेवण खास पाहुण्यांसाठी होतं! ती ज्वारीही घरची नव्हती. मामींनी आठवडी बाजारातून पाच किलो आणली होती.

ज्वारी गेली कुठं?

दुसऱ्या दिवशी मामांबरोबर शेतात गेलो. शेत खारपाणाच्या काठावर, सहा एकर. कपाशी, मध्ये मध्ये तुरीची तासं, एका तुकड्यात हरभरा. ज्वारीचं एक ताटही नाही. मी विचारलं तर मामांनी धुऱ्यावर बसून हाताच्या बोटांवर कारणं मोजली.

पहिलं, जनावरं. ‘ज्वारी पेरली का पाखरं, रोही, डुक्कर सारे जेवाले येतात. आमच्या वाट्याले मंग कडबा.’ रोही म्हणजे नीलगाय. एकट्यानं ज्वारी पेरली तर गावातली सगळी पाखरं त्याच्याच शेतात. पूर्वी सगळेच पेरायचे, नुकसान वाटलं जायचं.

दुसरं, मजूर. कणसं खुडायची, वाळवायची, मळायची. ही कामं करणारी माणसं मिळत नाहीत.

तिसरं, बैल. कडबा लागायचा तो बैलांना. ट्रॅक्टर आला, बैल गेले, कडब्याची गरज संपली. अर्धी ज्वारी तर माणसं जनावरांसाठीच पेरायची.

चौथं आणि मोठं कारण, पैसा. २०२४-२५ च्या हंगामात सरकारचा हमीभाव संकरित ज्वारीला क्विंटलला ३,३७१ रुपये होता. मध्यम धाग्याच्या कापसाला ७,१२१ आणि तुरीला ७,५५०. कुठल्या पिकाचं एकरी उत्पन्न किती आणि खर्च किती हा हिशेब वेगळा, पण पेरणीच्या वेळी हे आकडे डोळ्यांसमोर असतातच. आणि हमीभाव जाहीर झाला म्हणजे तो हातात पडतोच असं नाही.

मी माझ्या पाकिटाची किंमत सांगितली. मामा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘तुमच्या पुन्यात शंभरच्या वर जाते, तं इथं तीस-पस्तीसवर कोन अडवून ठेवते तिले?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ही गोष्ट तशी आजची नाही. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर इथल्या काळ्या मातीवर पडली. रेल्वे आली, कापूस बाहेर जाऊ लागला. इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ या १९९७ च्या पुस्तकात हाच धागा पकडलाय. निर्यातीच्या कापसानं अन्नधान्याची आणि चराईची जमीन व्यापली, आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात कापसानं श्रीमंत म्हणवणारा हा मुलूख उपाशी मेला. मग २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. दुसरीकडे सोयाबीन पसरलं. दर वेळी ताटातलं काहीतरी शेतातून आधी गेलं आणि ताटातून नंतर.

मामींना हे पुस्तकाशिवाय माहीत आहे. ‘आधी कपाशीत अंबाडी राहे, मूग राहे, चवळी राहे, बरबटीच्या शेंगा राहे. निंदाले गेली का वटीत भाजी घिऊनच येवो घरी. आता तननाशक मारलं का भाजी बी मेली.’ निंदण म्हणजे खुरपणी. बायका ज्याला तण म्हणून उपटायच्या त्यातलं निम्मं, घोळ, चिवळ, तरोटा, संध्याकाळी शिजायचं. म्हणजे वऱ्हाडातली ‘फॅमिली डाएट’ ही बाईच्या ओटीतून घरी यायची. तिचा मेन्यू शेतातलं मिश्रपीक ठरवायचं. एकच पीक घ्यायला लागलो की एकच भाजी उरते, ती बाजारातली.

जीवामृत आणि शंका

याच भागातल्या अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर. ‘झिरो बजेट’ नैसर्गिक शेतीमुळे देशभर नाव झालं, २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या जीवामृताची कृती इथं शेतकऱ्यांना तोंडपाठ आहे. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, गोमूत्र, एक किलो गूळ, एक किलो बेसन आणि धुऱ्यावरची मूठभर माती. लेकीला हे ऐकून भारी मजा वाटली, ‘शेत बेसन खातं?’ २०१८ मध्ये राज्य सरकारनंही डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावानं सेंद्रिय शेतीचं मिशन काढलं, त्याचं मुख्यालय अकोल्यातच.

मामांनी एका एकरावर जीवामृत करून पाहिलंय. मत विचारलं तर सरळ बोलले, ‘माती भुसभुशीत झाली, हे खरं. पन गाय पाह्यजे. आन् पहिल्या दोन वर्साचं नुसकान कोन भरून देते?’ आणि फवारणी? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेनं माणसं दगावली. तेव्हापासून मामी फवारणीच्या दिवशी शेतात कुणाला डबा खाऊ देत नाहीत. आपण पुण्यात ‘केमिकल-फ्री’ म्हणतो ते आपल्या पोटासाठी. इथं तो प्रश्न फवारणाऱ्याच्या फुप्फुसाचा आहे.

डोंगराच्या पायथ्याशी

तिसऱ्या दिवशी उत्तरेला निघालो, नरनाळा किल्ल्याकडे. वाटेत पानमळे लागतात आणि त्यात पानपिंपरी. काळी मिरीची चुलत बहीण समजा, लांबट, तिखट, आयुर्वेदातली. अकोट, तेल्हारा आणि अंजनगाव सुर्जी या पट्ट्यात बारी समाजाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या ती पिकवतात. सर्दी झाली की मामी तिची चिमूटभर पूड मधात देतात. खोकल्याची बाटली नंतर.

शाहानूर गावाशी वन विभागाचं गेट आहे. वर किल्ला, भोवती मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचं जंगल. महाकाली दरवाज्याचं कोरीव काम बघून नवरोबांचा कॅमेरा खाली जाईना. हवा अशी की लेक न सांगता जेवली.

पण मला आठवतात ती पायथ्याची वस्ती. मेळघाटातून हलवलेली केलपाणी, गुल्लरघाट, धारगड अशी कोरकू गावं अकोट तालुक्यात वसवली गेली. जंगलात ही माणसं कुटकी, सावा पेरायची. रानभाज्या, कंद, मोह, मासे सगळं हाताशी. त्यांच्याइतकं ‘होल फूड’ कुणी खाल्लं नसेल. खाली आल्यावर रस्ता, शाळा, दवाखाना जवळ आला, पण ताटात आलं मुख्यतः रेशनचं गहू-तांदूळ. नव्या गावात सोयी नीट नाहीत म्हणून काही कुटुंबं पुन्हा वर गेली आणि २०१९ च्या जानेवारीत केलपाणीत वन विभागाशी मोठा संघर्ष झाला. त्याच्या चारच वर्षांनी, २०२३ मध्ये, जगानं आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरं केलं. आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्येही कुटकीचा उपमा मिळत होता.

थापणार कोण?

शेवटच्या संध्याकाळी मी मामींकडे भाकर शिकायला बसले. पीठ ताजं हवं, जुनं झालं की चिकटपणा जातो आणि भाकर फाटते. कोमट पाणी घालून तळहाताच्या टाचेनं मळायचं, जोर लावून. मग थापताना पीठ पसरत न्यायचं आणि एका झटक्यात तव्यावर. पाणी फिरवलेली बाजू वर. माझी तिसरी भाकर फुगली तेव्हा लेकीनं टाळ्या वाजवल्या.

‘तुम्ही रोज का नाही करत?’ मी विचारलं. मामींनी गुडघ्याकडे बोट दाखवलं. ‘भाकर खाची हौस सगळ्याइले, थापाची एकटीले. दिवसभर शेतात, मंग बारा भाकरी. गव्हाच्या पोळ्या सकाळी करून ठेवता येतात. भाकर गरमच लागते लोकाइले.’

सासूबाई बाजूला बसून सोले निवडत होत्या. त्या म्हणाल्या, ‘म्हणूनच मी पुण्यात आल्यावर भाकर सोडली. कुणी विचारलंही नाही का सोडली.’

नवरोबांनी हे ऐकलं. काही बोलले नाहीत, हात धुऊन परातीसमोर येऊन बसले. पहिल्या दोन भाकरींचे नकाशे झाले. मामा हसून हसून बेजार. पण चौथी जमली!

मामींनी मग न थापायच्या गोष्टी सांगितल्या, खास नोकरीवाल्यांसाठी. ज्वारीच्या कण्या, रात्री भिजवून सकाळी कुकरला, ताकाबरोबर. जाडसर पिठाची उकडपेंडी, उपम्यासारखी, पंधरा मिनिटांत. आंबील, म्हणजे पीठ आंबवून शिजवलेलं पातळ पेय, उन्हाळ्यात डब्याबरोबर बाटलीत नेता येतं. भाकर रविवारी, सगळ्यांनी मिळून.

अर्धा एकर

निघायच्या सकाळी मी हिशेब मांडला. आम्ही चौघं आठवड्यातून चार-पाच दिवस ज्वारी खाल्ली तर वर्षाला साधारण एक क्विंटल पुरते. आमच्या मजल्यावर अशी आणखी तीन घरं सहज तयार होतील. म्हणजे चार क्विंटल. मामा म्हणाले, बरा पाऊस झाला तर अर्ध्या एकरात तेवढी होईल.

‘मग अर्धा एकर आमच्यासाठी पेरा,’ मी म्हटलं.

मामांनी लगेच हो म्हटलं नाही. ‘घेनार हे नक्की? दुकानात स्वस्त भेटली तं?’ मग अटी ठरल्या, चहा पिता पिता. भाव पेरणीच्या आधी ठरणार, हमीभावाच्या बराच वर, पण आमच्या पाकिटाच्या निम्म्याहून कमी. निम्मे पैसे जूनमध्ये. राखणीच्या माणसाची मजुरी आम्ही वेगळी देणार. पाखरांनी खाल्ली, पाऊस पडला नाही, तर नुकसान दोघांत निम्मं-निम्मं. धुऱ्याला अंबाडी आणि मध्ये मुगाची तासं मामींच्या मर्जीनं. तणनाशक नाही. शेजारच्या शेतकऱ्यालाही मामा विचारणार आहेत, म्हणजे सगळी पाखरं एकट्याच्या वाट्याला येणार नाहीत.

पुण्यात आल्यावर सोसायटीतल्या तीन घरांना सांगितलं. दोघं लगेच तयार झाले. तिसरीनं विचारलं, ‘पाखरांनी खाल्ली तर आपण का पैसे द्यायचे?’ प्रश्न बरोबर आहे. पण आत्तापर्यंत ते सगळे पैसे मामाच देत होते, आणि म्हणून त्यांनी ज्वारी सोडली. तिला हे पटायला दोन वीकेंड आणि एक उकडपेंडी लागली. जूनचे पैसे वेगळे काढून ठेवलेत. आता पावसाची वाट बघतोय, पुण्यात बसून, आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या पोटासाठी!

जायचं असेल तर...

कसं जाल : अकोला मुंबई-हावडा मार्गावर आहे. मुंबई-पुण्याहून नागपूरकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या तिथं थांबतात. अकोल्याहून अकोटला रेल्वे आणि एसटी. रेल्वेची वेळ आधी बघून घ्या.

कधी : डिसेंबर-जानेवारी. सोले, हुरडा, हरभऱ्याची भाजी सगळं एकदम मिळतं. हुरडा खायचा तर ‘वाणी’चाच मागा.

काय खाल : सोल्यांची भाजी, पऱ्हाटीवरचं भरीत, कळण्याची भाकर, पाटोडीचा रस्सा, अंबाडीची भाजी (ही पावसाळ्यात).

काय आणाल : जवस, बिनपॉलिशची तूरडाळ, पानपिंपरी. वाटेवरच्या गांधीग्रामची शेंगदाण्याची गूळपट्टी मुलांच्या डब्यासाठी झकास.

काय बघाल : नरनाळा किल्ला, शाहानूर गेटमधून. प्रवेशाचे नियम वन विभागाकडून आधी विचारून घ्या. प्लॅस्टिक नेऊ नका.

आणि : कुणाच्या घरी जेवलात तर ताट उचलून ठेवा. जमलं तर एक भाकर थापून बघा.